सासऱ्यांचा गालिचा आणि नातवाच्या शिंका

वाचकाचे पत्र : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. दोन वर्षांपूर्वी नौपाड्यातील जुने घर सोडून आम्ही घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला नव्या इमारतीत राहायला आलो. दिवाणखान्यात माझ्या सासऱ्यांनी श्रीनगरहून आणलेला, हाताने विणलेला लोकरीचा गालिचा अंथरलेला आहे. सासरे आता नाहीत, त्यामुळे सासूबाईंचा त्यावर फार जीव आहे. मुलाच्या खोलीत मी गेल्या दिवाळीत लांब केसांचा, कृत्रिम धाग्याचा मऊ रग आणला. मुलगा सात वर्षांचा आहे. सकाळी उठल्याबरोबर त्याला दहा-बारा शिंका येतात, नाक चोंदते आणि पावसाळाभर रात्रीचा खोकला सुटत नाही. त्याच्या डॉक्टरांनी धुळीची अ‍ॅलर्जी सांगून इन्हेलर दिला आहे आणि घरातील गालिचे काढायला सांगितले आहे. यजमानांचे म्हणणे असे की दोष बाहेरच्या बांधकामांच्या धुळीचा आहे, तेव्हा हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यावे. गालिचा टाकावा का, आणि टाकायचा असेल तर सासूबाईंना कसे सांगावे?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन गालिचे आहेत आणि दोघांविषयीचे माझे उत्तर वेगळे आहे. मुलाच्या खोलीतील लांब केसांचा रग आजच काढा आणि तो पुन्हा त्या खोलीत आणू नका. सासऱ्यांचा गालिचा टाकू नका. मात्र तो बारा महिने जमिनीवर राहणार नाही, पावसाळ्याचे चार-पाच महिने तो गुंडाळून ठेवावा लागेल. असे का, हे सविस्तर सांगतो, कारण कारण समजले की घरातील सगळ्यांना ते पटते आणि मग नियम पाळणे कोणाला जड जात नाही.

आपण ज्याला ‘धुळीची अ‍ॅलर्जी’ म्हणतो, ती बहुतेक वेळा धुळीतील मातीची नसते. घरातील धुळीत आपल्या त्वचेचे गळून पडलेले सूक्ष्म कण असतात आणि त्यांवर जगणारे डस्ट माइट नावाचे जीव असतात. हे किडे नव्हेत. कोळ्याच्या कुळातील हे आठ पायांचे प्राणी साधारण मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे असतात आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. घरातील धुळीच्या अ‍ॅलर्जीचे मूळ त्यांच्यात आहे, हे नेदरलँड्समधील फोरहोर्स्ट आणि स्पीक्समा या संशोधकांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले. पुढे १९८० साली त्यांच्यातील मुख्य त्रासदायक प्रथिन वेगळे काढता आले, आणि त्यानंतर असे दिसले की ते मुख्यत्वे त्यांच्या विष्ठेत असते. एक माइट दिवसाला सुमारे वीस विष्ठाकण टाकतो आणि प्रत्येक कण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास असतो. हे प्रथिन मुळात माइटचे पाचक विकर (एन्झाइम) आहे, त्यामुळे ते नाकाच्या व श्वासनलिकेच्या आतील अस्तरातील पेशींची वीणही सैल करते. तुमच्या मुलाच्या शिंकांमागे हेच असण्याची शक्यता मला अधिक वाटते, कारण तुम्ही वर्णन केलेली लक्षणे सकाळी अंथरुणातून उठताना सर्वांत तीव्र आहेत आणि पावसाळ्यात वाढतात. बाहेरच्या धुळीचा त्रास असता तर तो रस्त्यावरून घरी आल्यावर, आणि कोरड्या हिवाळ्यात, अधिक जाणवला असता.

आता गालिच्याकडे येऊ. माइटला तोंडाने पाणी प्यावे लागत नाही, ते हवेतील ओलावा अंगात ओढून घेतात. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली तर ते सुकून मरतात, आणि ती ७० ते ८० टक्के असेल, हवा पंचवीस-तीस अंशांची असेल, तर त्यांची भरभराट होते. आपल्या ठाण्यात, खाडीच्या आणि येऊरच्या डोंगराच्या मध्ये, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वरच असते. युरोप-अमेरिकेतील थंड आणि कोरड्या हिवाळ्यांत घर तापवल्यावर माइट आपोआप घटतात, तशी सवलत आपल्याला निसर्गाने दिलेली नाही. म्हणून तिकडच्या पुस्तकांतील ‘गालिचा ठेवा, फक्त नियमित स्वच्छ करा’ हा सल्ला मी कोकणपट्टीतील घरांना जसाच्या तसा देत नाही.

त्यात लोकरीचा एक गुण इथे आपल्या विरुद्ध जातो. लोकर आपल्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत ओलावा शोषून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. जुलैत सासूबाई गालिच्यावर हात फिरवून ‘कोरडाच तर आहे’ म्हणत असतील, तर त्या खोटे सांगत नाहीत, पण धाग्याच्या आत माइटला आणि बुरशीला पुरेल एवढे पाणी असते. तुम्ही पावसाळ्यात कपडे दिवाणखान्यात स्टँडवर वाळत घालता का, हे पत्रात लिहिलेले नाही, पण आपल्याकडे दहांपैकी नऊ घरांत ते घालतातच. एका वेळच्या धुण्यातून दोनेक लिटर पाणी त्याच खोलीच्या हवेत जाते आणि त्यातले काही खाली अंथरलेली लोकर पिते. गालिचा खरोखर भिजला, म्हणजे बाल्कनीतून झड आत आली, छत्री टेकवून ठेवली किंवा पाण्याची बाटली कलंडली, तर २४ ते ४८ तासांच्या आत तो पूर्ण सुकवावाच लागतो, नाहीतर बुरशी धरते. बुरशीचे बीजकण हे अ‍ॅलर्जीचे आणि दम्याचे वेगळे, स्वतंत्र कारण आहे. गालिच्याचा कोपरा उचलल्यावर खालून सर्द, मातकट वास आला, तर तो बुरशीचा आहे असे समजा. त्यावर सुगंधी पावडर टाकून वास झाकू नका, कारण त्या पावडरीतील सुगंधी द्रव्ये दम्याच्या मुलाला आणखी त्रास देतात. खाण्याचा सोडा पसरून माइट मरतात, हाही गैरसमज आहे.

तुमच्या मुलाच्या खोलीतील रगाविषयी मी इतका ठाम का आहे, तेही सांगतो. सासऱ्यांचा श्रीनगरचा गालिचा गाठी मारून विणलेला आहे, त्याच्या पाठीला गोंद नाही. बाजारात मिळणारे लांब केसांचे बहुतेक रग यंत्राने टोचून केलेले असतात, धागे सुटू नयेत म्हणून पाठीवर लॅटेक्सचा, म्हणजे रबरी गोंदाचा, थर देऊन वर कापड चिकटवलेले असते. नवा रग उलगडल्यावर जो ‘नवेपणाचा’ वास येतो, तो बराचसा या लॅटेक्समधून सुटणाऱ्या वायूंचा असतो. हवा खेळती असेल तर काही दिवसांत ते वायू खूप कमी होतात, पण बंद खिडक्या आणि चालू एसी अशा खोलीत ते रेंगाळतात. तुमचा रग दिवाळीपासूनचा असल्यामुळे तो भाग आता मागे पडला असावा. पुढचा प्रश्न मात्र राहतोच, की केस जितके लांब आणि दाट, तितका तळाशी साचलेला कण व्हॅक्यूमने निघणे कठीण, आणि वर्षे गेली की दमट हवेत तेच लॅटेक्स भुकटी होऊन पांढऱ्या धुळीच्या रूपाने खाली पडू लागते. असा रग मुलाच्या पलंगाशेजारी, जिथे तो जमिनीवर लोळून खेळतो आणि जिथे त्याचे नाक धुळीपासून वीतभर अंतरावर असते, तिथे नको.

आता यजमानांचे म्हणणे. ते चुकीचे नाही, अपुरे आहे. घोडबंदर रस्त्यावरची बांधकामे, मेट्रोचे काम, रात्रभर धावणारे अवजड ट्रक यांची धूळ आणि धूर घरात येतात, आणि अगोदरच सुजलेल्या श्वासनलिकेला ते चिथावतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अतिसूक्ष्म कणांसाठी, म्हणजे पीएम २.५ साठी, वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम सुचवली. आपल्या देशाने ठरवलेली वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅमची आहे. यावरून आपल्या शहरांतील हवेविषयी यजमानांना वाटणारी काळजी रास्त ठरते. पण बाहेरची ही धूळ आत येऊन राहते कुठे, हेही पाहायला हवे. टाइल्सवर पडलेली धूळ सकाळी ओल्या फडक्याने निघून जाते, तर गालिच्यात पडलेली महिनोन्महिने राहते आणि प्रत्येक पावलागणिक थोडी थोडी वर उडते. गालिच्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की तो धूळ पकडून ठेवतो, म्हणून हवेत ती कमी असते. हे अर्धे खरे आहे. पकडलेली धूळ जर नेमाने बाहेर काढली गेली तरच त्याचा फायदा, एरवी गालिचा म्हणजे धुळीची कोठी.

हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राने माइटचा प्रश्न फारसा सुटत नाही, त्याचे कारण साधे आहे. विष्ठाकण जड असतात. गादी झटकल्यावर किंवा गालिच्यावर उड्या मारल्यावर ते उडतात आणि वीस-तीस मिनिटांत पुन्हा खाली बसतात. यंत्र हवेतले कण ओढते, गालिच्याच्या मुळाशी बसलेल्यांपर्यंत त्याची पोच नसते. धूर, वाहनांचे सूक्ष्म कण, मांजराची अ‍ॅलर्जी यांसाठी चांगल्या हेपा फिल्टरचे, म्हणजे अतिसूक्ष्म कणही अडवणाऱ्या गाळणीचे, यंत्र उपयोगी आहे, म्हणून ऐपत असेल तर मुलाच्या झोपण्याच्या खोलीत जरूर ठेवा, पण ते घेतले म्हणून रग राहू द्या, असे करू नका. आणि त्याच खोलीत डासांसाठी कॉइल लावत असाल, तर ती पहिली बंद करा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे पीएम २.५ कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे आढळले होते. खिडकीला जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी हा अधिक सुरक्षित मार्ग आहे.

इथे माझ्या दवाखान्यातला एक अनुभव लिहितो, कारण त्यातून मी शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी दम्याच्या एका मुलीच्या आईवडिलांना मी घरातील गालिचे काढायला सांगितले आणि ते त्यांनी दुसऱ्या दिवशीच काढले. तीन महिने झाले तरी मुलीला काडीचा फरक नव्हता. मग मी घरी जाऊन पाहिले, तेव्हा ती ज्या कापसाच्या गादीवर झोपत होती ती तिच्या जन्माच्याही आधीची होती, उशा तितक्याच जुन्या होत्या, आणि पलंग खारलेल्या भिंतीला टेकून होता. मी धुळीचा लहान साठा काढायला लावला होता आणि मोठा तसाच राहिला होता. त्या दिवसापासून मी गालिच्याबद्दल बोलण्याआधी गादीबद्दल विचारतो. मूल रात्रीचे आठ-नऊ तास तिथे श्वास घेत असते.

एकच उपाय करून भागत नाही, हे संशोधनही सांगते. २००८ साली माइट कमी करण्याच्या उपायांवरील अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा रासायनिक फवारे किंवा गादीची आवरणे अशा सुट्या उपायांनी दम्यात ठळक फायदा झाल्याचे दिसले नाही. याउलट २००४ साली अमेरिकेतील सात शहरांत दम्याच्या ९३७ मुलांच्या घरी जाऊन, प्रत्येक मुलाला नेमके कशाचे वावडे आहे ते पाहून, अंथरूण, सफाई, झुरळे, धूर या सगळ्यांवर एकत्र काम केले गेले, तेव्हा मुलांचे त्रासाचे दिवस कमी झाले आणि तो फायदा पुढच्या वर्षीही टिकला. म्हणून मुलाच्या डॉक्टरांना विचारून त्वचेवरची अ‍ॅलर्जी चाचणी किंवा रक्ताची चाचणी करून घ्या. झुरळांचे किंवा बुरशीचे वावडे निघाले तर गालिच्यापेक्षा स्वयंपाकघराच्या ओट्याखाली आणि बाथरूमच्या भिंतीकडे लक्ष द्यावे लागेल. इन्हेलर मात्र यातले काहीही करून आपल्या मनाने बंद करायचा नाही. मुलाला बोलताना धाप लागली, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाऊ लागली किंवा ओठ निळसर दिसले, तर घरच्या उपायांत वेळ न घालवता लगेच रुग्णालयात न्या.

तेव्हा अंथरुणापासून सुरुवात करा. गादीला आणि उशीला माइट आत-बाहेर जाऊ न देणारी, चेन असलेली घट्ट विणीची आवरणे मिळतात, ती चढवा. चादरी, अभ्रे आणि पांघरुणे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुवा. कोमट पाण्यात कण निघून जातात, पण माइट जिवंत राहतात. गोधडी जाड असेल तर ती मुलाकडून काढून पातळ, धुता येईल असे पांघरूण द्या. त्याची आवडती कापडी खेळणी धुण्यासारखी नसतील, तर पिशवीत घालून एक दिवस फ्रीजरमध्ये ठेवा आणि नंतर झटकून घ्या. जमिनीवर खेळायला सुती सतरंजी द्या, मशीनमध्ये मावेल एवढी लहान, आणि तीही दर आठवड्याला धुवा. साधी, स्वस्त प्लास्टिकची चटईसुद्धा मी नाकारणार नाही.

दिवाणखान्यातील गालिचा नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत अंथरायला हरकत नाही, मात्र काही अटी आहेत. त्यावर केरसुणी फिरवू नये. कामाला येणाऱ्या मावशींना हे प्रेमाने समजावून सांगा, कारण केरसुणीने धूळ निघत नाही, खोलीभर उडते आणि तीच त्यांच्याही छातीत जाते. हेपा फिल्टर असलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने आठवड्यातून दोनदा, घाई न करता, एकाच जागेवरून दोन्ही दिशांनी चार-पाच वेळा फिरवत सफाई करावी, आणि महिन्यातून एकदा गालिचा उलटून पाठीकडूनही. साधा, फिल्टर नसलेला व्हॅक्यूम बारीक कण मागच्या बाजूने परत हवेत सोडतो, त्यापेक्षा तो न वापरलेला बरा. सफाई करणाऱ्याने मास्क लावावा, मुलगा तेव्हा शाळेत असावा आणि पुढचा तासभर खिडक्या उघड्या असाव्यात. व्हॅक्यूमने जिवंत माइट सगळे निघत नाहीत, कारण ते धाग्यांना धरून बसतात, पण त्यांची विष्ठा आणि त्यांचे खाद्य निघते. वाफेने सफाई करून देणारे लोक घरी येतात. वाफेने माइट मरतात हे खरे आहे, पण आत राहिलेली ओल पुन्हा नव्या माइटना आमंत्रण देते, म्हणून ते काम करायचेच असेल तर कडक उन्हाळ्यातच करा.

ऊन हे आपल्याकडचे सर्वांत स्वस्त औषध आहे. एप्रिल-मेमध्ये दोन-तीन दिवस गालिचा गच्चीवर पाठ वर करून दुपारच्या उन्हात पसरा. तापलेल्या, कोरड्या लोकरीत माइट टिकत नाहीत. सोसायटीने गच्चीला कुलूप लावले असेल, तर सेक्रेटरींना मुलाच्या आजाराचे कारण लिहून दोन दिवसांची परवानगी मागा, अशा कारणासाठी सहसा कोणी नाही म्हणत नाही. मेलेल्या माइटचे अवशेष आणि विष्ठा उन्हाने नष्ट होत नाहीत, हे मात्र विसरू नका. उन्हानंतर गालिचा गच्चीवरच, वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून, काठीने झोडपावा आणि मग व्हॅक्यूम करावा. मेच्या तिसऱ्या आठवड्यापूर्वी तो लोकरीचे गालिचे धुणाऱ्या जाणत्या माणसाकडे द्या आणि पूर्ण सुकल्याशिवाय परत घेऊ नका. घरी आल्यावर घडी न घालता गुंडाळा, जुन्या सुती चादरीत बांधा आणि जमिनीपासून उंचावर, भिंतीला न टेकता ठेवा. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलात तर आतली ओल आतच राहते. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकण्याची पद्धत आहे, पण त्यांचा वास दम्याच्या मुलाला सोसत नाही. त्याऐवजी सुकलेला कडुलिंबाचा पाला घाला आणि पावसाने उघडीप दिली की महिन्यातून एकदा उलगडून पाहा. एक आर्द्रतामापक विकत घ्या, तो महाग नसतो. ऑक्टोबरच्या उन्हाने घरातील आकडा ६० च्या खाली सातत्याने राहू लागला की गालिचा पुन्हा अंथरण्याची वेळ झाली असे समजा.

राहिले सासूबाईंचे. त्यांना ‘तुमच्या गालिच्यामुळे नातू आजारी पडतो’ असे कृपा करून सांगू नका, कारण ते खरेही नाही आणि त्यांना ते आयुष्यभर लागेल. गालिचा ठेवायचा आहे, म्हणूनच तो पावसाळ्यात जपायचा आहे, असे सांगा, आणि तेच खरे आहे. दमट जमिनीवर बारा महिने पडून राहिला तर मुलाच्या छातीबरोबर त्या गालिच्याचीही हानी होईल, गाठींचा सुती ताणा कुजेल, कसर लागेल. जुन्या घरात आगोटीच्या आधी पापड-कुरडया आणि अंथरुणे उन्हात घालण्याचे काम सासूबाईंनीच केले असणार. गालिचा कधी काढायचा, किती ऊन द्यायचे, केव्हा उलगडून पाहायचा, हे त्यांच्याकडे सोपवा, आणि मेमध्ये गच्चीवर नेताना त्यांनाही सकाळच्या उन्हात खुर्ची टाकून बसवा.